दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचं पान
अगं, तुझ्या दसऱ्याच्या कार्डावरचं मेपलचं पान पाहिलं. शाई एवढी दाबून नको लावू, ती स्टेन्सिलखाली (पानाच्या आकाराच्या कापलेल्या साच्याखाली) पसरून राहिली म्हणून कडा फिसकटल्या दिसतात. स्पंजवर शाई घेतली की आधी रफ कागदावर दोन-तीनदा टेकव, मग स्टेन्सिलच्या बाहेरून आत गोल गोल हलक्या हाताने ये, पहिले पिवळा मग केशरी अन् तपकिरी फक्त टोकाला, उलटं केलं तर स्पंजवरचा गडद रंग लागून पिवळ्या शाईचा पॅड खराब होतो. कागद जाडसर, २५० जीएसएमचा तरी घे, सीताबर्डीच्या बाजारात मिळून जाते.

आणि मेपलचं पान कशाला गं? आपल्या नागपुरात दसऱ्याला आपटाच पाहिजे, त्याच्या जोडपानाचं स्टेन्सिल जुन्या एक्स-रे फिल्मवर मस्त कापल्या जाते. सोनेरी पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) उशिरा वाळते, रात्रभर हात लावू नको, मागच्या वर्षी घाईत माझी चार कार्डं पुसली गेली.