सूर-शंका : जत्रेच्या मांडवात व्हायोलिन

प्रश्न : मी व्हायोलिन वाजवते, वय 23. गावच्या जत्रेत पालखी फिरून आल्यावर, दशावतार उभा राहण्याआधी, मला 45 मिनिटं मिळणार आहेत. मागच्या वर्षी विलंबित एकतालात यमन सुरू केला आणि अर्धा मांडव चहाला उठला. आता सिनेमाची गाणी वाजवू का?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : नको. चहाला उठलेल्या त्या श्रोत्यांचे कान मुळीच नवे नाहीत. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, गजर कसा उचलला आणि पखवाज कुठे घसरला यावर दुसऱ्या दिवशीही वाद घालणारी माणसं आहेत ही. लय त्यांना पक्की कळते. त्यांना अडवतो तो विलंबिताचा पसारा. तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरा) पाऊण-एक मिनिटाचं, आणि मागे खाज्याची दुकानं चालू असताना त्यात सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, कुठे आली हे कोणालाच धरता येत नाही. तो ख्याल सभागृहासाठी ठेवा.

एकच राग घ्या आणि त्यातलं ओळखीचं पद आधी वाजवा. उदाहरणार्थ बिहाग. तीन-चार मिनिटांचा आलाप करा, पण मंद्रात रेंगाळू नका, खालचे सूर गर्दीच्या आवाजात बुडतात. मग ‘संगीत स्वयंवर’मधलं (1916) ‘मम आत्मा गमला’ सातआठ मिनिटं. लगेच त्याच रागात मध्यलय तीनतालाची गत (वाद्यासाठी बांधलेली रचना), बारा-तेरा मिनिटं. पद कानात ताजं असल्यामुळे गत परकी वाटत नाही. उलट क्रमाने, म्हणजे आधी राग आणि बक्षीस म्हणून शेवटी पद, असं बरेच जण करतात. तोवर उठणारे उठलेले असतात.

पुढे भजनी ठेक्यातला अभंग, दहा मिनिटं, आणि साथीला गावातलाच पखवाज. भैरवी पाच मिनिटं. उरलेला वेळ तारा मिळवण्यात जातोच. बोलणं दोन वाक्यांत संपवा. फारतर तीनतालाच्या टाळ्या (1, 5 आणि 13) लोकांकडून दोन आवर्तनं वाजवून घ्या, 9 वर हात उघडा. जत्रेतले लोक हे क्षणात उचलतात.

पद वाजवताना गज शब्दांप्रमाणे फिरवा. गायक जिथे श्वास घेईल तिथेच गज उलटा करा आणि एका शब्दातली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) एकाच गजात घ्या. व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं, वादन ऐकताना डावा हात जरा विसरून उजव्याकडे लक्ष द्या. मात्रा मोजून गज मारला की ओळखीचं पदही बोल नसलेल्या धूनेसारखं लागतं, आणि श्रोत्याला ते मनात म्हणता येत नाही.

सिनेमाचं गाणं एकदा वाजवलंत की फर्माइशीच्या चिठ्ठ्या सुरू होतात. पुढच्या वर्षी मंडळ तुम्हाला त्यासाठीच बोलावतं.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या बुवांची पट्टी (म्हणजे सा) पेटीची पांढरी पाच. माझं व्हायोलिन पांढरी दोनला, प-सा-प-सां असं लावलेलं असतं. वर ओढलं की बारीक तार तुटते.
– एक वाचक, देवगड

उत्तर : तुटणारच. ती तार पाच स्वरस्थानं वर नेता येत नाही. वर ओढण्याऐवजी मांडणीच बदला आणि सा-प-सा-प करा. सर्वांत जाड तार आणि बारीक तारेच्या शेजारची तार, या दोनच तारा पूर्ण एक स्वर, म्हणजे दोन स्वरस्थानं, खाली उतरवा. बाकी दोन जागच्या जागी राहतात. त्या आता पंचमाच्या झाल्या.

बोटं मात्र चुकतील, कारण कालपर्यंतच्या षड्जाच्या तारेवर आज पंचम आहे. तार षड्ज बारीक तारेवर पहिल्या जागेतच तिसऱ्या बोटाला मिळतो, पण त्यापुढच्या ग-म साठी हात वर सरकवावा लागतो आणि गजराचा जोर नेमका तिथेच असतो. ती उडी आठवडाभर आधीपासून घटवा. तारा आदल्या संध्याकाळीच उतरवा. नुकती हललेली तार तासाभरात पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) तपासा. तिची शेपटीकडची बाजू पाटाशी (वाद्याच्या वरच्या फळीशी) काटकोनात हवी. कललेली घोडी पडते आणि पडताना पाटाला खोक पाडते.

प्रश्न : मांडवातल्या स्पीकरवर व्हायोलिन पत्र्यावर खिळा घासल्यासारखं ऐकू येतं, मधूनच शिट्टी येते.
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : घोडीला चिकटवायचा स्वस्त पिकअप (वाद्याचा आवाज उचलणारा तुकडा) थेट मिक्सरला जोडला असेल, तर कारण तेच. अशा पिकअपला मध्ये प्रीअँप (आवाज मिक्सरआधी वाढवणारं यंत्र) लागतो, नाहीतर खालचे सूर गळतात आणि नुसती किरकिर उरते. जमल्यास वाद्यावर बसणारा छोटा क्लिप माइक घ्या आणि त्याचं तोंड पाटावरच्या फटीकडे, सुमारे दहा सेंटिमीटरवर ठेवा. गजाचा धक्का लागणार नाही एवढं पाहा.

मिक्सरवर 150 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. तारा नेहमीसारख्या लावल्या तर व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर 196 हर्ट्झचा, त्यामुळे यात काही जात नाही आणि मांडवाची घरघर मात्र जाते. 3 किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल उतरवा. शिट्टी येते ती मुख्य स्पीकर तुमच्या पाठीमागे असतात म्हणून. ते तुमच्या पुढे, लोकांकडे तोंड करून हवेत. आणि भजनासाठी कायम चालू असलेला इको बंद करायला सांगा. मींडीचा मागचा सूर पुढच्यात मिसळला की कितीही सुरेल वाजवा, बेसूरच ऐकू येतं. तानपुऱ्याचा आवाज स्पीकरमधून अगदी हलका सोडा.

पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला तर थांबा. त्यावर माइकचा इलाज नाही.

प्रश्न : श्रावणातल्या सप्ताहात वाजवायचं आहे. खुंट्या अडकल्या आहेत, गजाचे केस ताणतच नाहीत आणि वाद्य कुठेतरी झणझणतं.
– एक वाचक, मालवण

उत्तर : तिन्हींचं मूळ दमटपणात. लाकूड फुगून खुंटी भोकात आवळली जाते. पकडीने पिळू नका, खुंटीचं डोकं तुटतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, सगळ्या मिळून शंभरेक ग्रॅम, ठेवून पेटी एक-दोन दिवस बंद ठेवा. खुंटी सैल झाली की काढून तिच्यावर कोरडा साबण आणि खडू घासा. साबणाने ती फिरते, खडूने धरते. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा 40 ते 60 टक्क्यांत हवा. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. स्वयंपाकाचं भांडं मात्र त्यासाठी वापरू नका.

गजाचे केस घोड्याचे. दमट हवेत ते लांबतात आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही ताण येत नाही. यावर इलाज केस नव्याने आखूड बांधून घेण्याचाच. मात्र असा गज हिवाळ्यात ताणलेला ठेवलात तर काठी वाकते, तेव्हा वाजवून झालं की सैल करायलाच हवा.

झणझण बहुतेक वेळा शिवण, म्हणजे पाट आणि कड यांचा चिकटवलेला जोड, सुटल्याची. वाद्याच्या कडेने बोटाच्या पेराने टकटक करत जा, सुटलेल्या जागी पोकळ खडखड ऐकू येते. तिथे फेव्हिकॉल किंवा एरल्डाइट भरू नका. शिवणीला सरस मुद्दाम कच्चा वापरतात. लाकूड हललं की शिवण सुटते आणि पाट वाचतो. पक्क्या गोंदाने पाटच तडकतो. कारागिराकडे न्या, आणि नेताना सगळ्या तारा एकदम काढू नका, वाद्याच्या पोटात पाटाला आधार देणारी उभी काडी पडेल. मालवणची खारी हवा तारांनाही खाते, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने त्या पुसा. घामाचा हात लागलेला भाग आधी.