वाइन आंबताना नायट्रोजन कमी पडला तर यीस्टच्या जनुकांमध्ये काय बदलते?
द्राक्षरसात अमोनियम आणि ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) हे यीस्टचे आवडते नायट्रोजन-स्रोत मुबलक असेपर्यंत यीस्ट इतर नायट्रोजन-स्रोत वापरण्याची बरीच जनुके बंद ठेवते आणि टंचाई येताच ती चालू करते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या वाइनच्या नेहमीच्या यीस्टवरील जनुकीय अभ्यासांतून ही यंत्रणा चांगली उलगडली आहे: मुबलकतेत जीएलएन३ हे नियामक प्रथिन यूआरई२ या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेल्या अवस्थेत केंद्रकाबाहेर राहते, नायट्रोजन घटला की ते केंद्रकात शिरते आणि अमिनो आम्ले व अमोनियम आत ओढणाऱ्या जीएपी१, एमईपी२ यांसारख्या वाहक प्रथिनांची जनुके जागी होतात. त्याच वेळी रायबोसोम (पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रे) घडवणाऱ्या जनुकांचे काम मंदावते, पेशींची वाढ थांबते आणि साखर शिल्लक असतानाच आंबण्याची क्रिया रेंगाळू शकते. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याचे मूळही पुष्कळदा इथेच असते, कारण हा वास देणाऱ्या सल्फाइडला अमिनो आम्लांत गुंफणारे नायट्रोजनयुक्त रेणू अपुरे पडतात. म्हणून नायट्रोजन पुरवणारे डायअमोनियम फॉस्फेट द्यायचेच असेल तर ते सुरुवातीच्या टप्प्यात द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन; मद्यार्क वाढल्यावर पेशी ते नीट घेऊ शकत नाहीत. मात्र यीस्टला वापरता येणाऱ्या नायट्रोजनची लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम ही नेहमी सांगितली जाणारी किमान पातळी सरसकट लागू पडत नाही. रसातील साखर आणि यीस्टचा वाण यांनुसार ती बरीच बदलते.