नागपूर-वर्ध्याचा पाऊस: संभाव्यता कधी गुणायची?

तुमचा प्रश्न असा की नागपुरात उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता 0.6 आणि वर्ध्यात 0.5 असेल, तर दोन्हीकडे पडण्याची 0.3 का? आणि परस्पर अपवर्जी घटना, म्हणजे एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या घटना, याच स्वतंत्र घटना का?

आधी गुणाकार येतो कुठून ते बघा. नाणं आणि फासा 600 वेळा सोबत टाकले, तर साधारण 300 वेळा छापा पडेल. त्या 300 पैकी सहा किती वेळा? फाशाला नाण्याची खबर नसते, म्हणून तिथेही सहावा हिस्साच, साधारण 50. 600 पैकी 50 म्हणजे 1/12, आणि 1/2 × 1/6 तेवढंच. सगळी मदार 'तिथेही सहावा हिस्साच' यावर आहे. पहिली घटना घडल्याचं कळूनही दुसरीची संभाव्यता बदलली नाही, तरच त्या स्वतंत्र.

पावसाचं तसं नाही. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावर सरकला की नागपूर आणि वर्धा दोन्ही भिजतात. नागपुरात पाऊस आहे हे कळलं की वर्ध्याचा 0.5 वाढतो. समजा 0.75 झाला, तर उत्तर 0.6 × 0.75 = 0.45. हा 0.75 जुन्या नोंदींतून काढावा लागतो. नुसत्या 0.6 आणि 0.5 वरून इतकंच म्हणता येतं की उत्तर 0.1 ते 0.5 च्या दरम्यान आहे.

परीक्षेत हीच खोच 'परत न ठेवता' या शब्दांत असते. 10 संत्र्यांत 3 आंबट असतील आणि एकामागून एक दोन काढली, तर दोन्ही आंबट निघण्याची संभाव्यता परत ठेवून 9/100, न ठेवता 3/10 × 2/9 = 1/15.

हे मी इतकं ताणून सांगतोय, कारण या चुकीची किंमत फार मोठी असू शकते. इंग्लंडमध्ये 1999 साली सॅली क्लार्क या आईला दोन बाळांच्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. खटल्यात एका तज्ज्ञ डॉक्टरांनी 8,543 मध्ये 1 ही आकस्मिक बालमृत्यूची संभाव्यता, दोन मृत्यू म्हणून, त्याच आकड्याने पुन्हा गुणून सुमारे 7.3 कोटींत 1 असा आकडा मांडला. पण सख्खी भावंडं, एकच घर. ते मृत्यू स्वतंत्र कसे धरायचे? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 मध्ये यावर जाहीर आक्षेप घेतला. शिक्षा 2003 मध्ये रद्द झाली, मुख्यतः बचाव पक्षाला न दाखवलेल्या वैद्यकीय तपासणीमुळे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही', उलटच आहे. एकाच फाशावर 2 पडला की 5 ची संभाव्यता 1/6 वरून थेट 0 होते. याहून जास्त अवलंबून काय असणार?