खर्चुडी एक की दोन?

प्रश्न : पन्हाळ्याजवळच्या पठारावर ऑगस्टअखेर कंदिलासारख्या फुलांच्या वेली दिसल्या. काहींची पानं रुंद, काहींची गवतासारखी अरुंद. या दोन जाती आहेत का? कंद आणून कुंडीत लावला तर चालेल का? सोबत फोटो आहे.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ही खर्चुडीच, म्हणजे सिरोपेजिया ही प्रजाती (अनेक जातींचा गट), यात शंका नाही. जाती मात्र या फोटोवरून ठरत नाही, कारण फूल फक्त समोरून टिपलं आहे. पानांवर तर मुळीच विसंबू नका. याच प्रजातीतल्या 'बल्बोसा' या जातीची पानं रुंदही असतात, अरुंदही. अरुंद पानांच्या वेलीला पूर्वी 'लुशी' ही वेगळी जाती मानत, पुढे ती बल्बोसाचाच प्रकार ठरली. 'मीडिया' या दुसऱ्या खर्चुडीचं नेमकं उलटं झालं : आधी 'इव्हान्सी' या जातीचा प्रकार, मग स्वतंत्र जाती. कूळही रुईचं होतं, आता कण्हेरीचं. २०१७मध्ये तर ब्रॅकिस्टेल्मा ही जवळची प्रजातीसुद्धा सिरोपेजियातच घालावं असा प्रस्ताव आला; तो सगळ्यांना पटलेला नाही.

पुढच्या खेपेला फूल बाजूने, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून टिपा. नळी आणि पाकळ्या वेगवेगळ्या मोजा. पाकळ्यांची टोकं जुळलेली आहेत का, खोडावर लव आहे का, तेही लिहा. खरी ओळख नळीच्या तळाशी, फुगवट्यातल्या किरीटात (मुकुटासारख्या भागात) असते. गळून पडलेलं ताजं फूल मिळालं तर ब्लेडने उभं चिरून आतला फोटो घ्या. वाळवलेल्या फुलात किरीट चपटा होतो, म्हणून फूल ठेवायचंच असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिरताना एखादं चिलट निघालं तर नवल नको : नळीतले केस खाली वळलेले असतात, ते सुकेपर्यंत चिलटाला बाहेर पडता येत नाही. सुटताना ते परागपिंड, म्हणजे परागकणांचे गोळे, घेऊन जातं.

'अमुक जाती फक्त तमुक डोंगरावर' हे वाक्यही जपून वाचा. पावसाळा सरला की वेल वाळते, उरतो जमिनीतला कंद. फुलांच्या त्या थोड्या आठवड्यांत कुणी फिरकलंच नाही, तर ते पठार नकाशावर कोरंच राहतं.

कंद काढू नका. खर्चुडी लोक खातात, रानडुकरंही उकरतात. त्यात आपली भर कशाला? शिवाय कुंडीत उन्हाळ्यातही पाणी घातलं जातं आणि झोपलेला कंद कुजतो. फोटो आणि मापं शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. नेमकी जागा त्यांनाच सांगा, फोटोबरोबर सगळीकडे पसरवू नका.