दोन चाचण्या, दोन निकाल

प्रश्न : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एकाच आठवड्यात एक जनमत चाचणी एका उमेदवाराला दोन टक्क्यांनी पुढे दाखवते, तर दुसरी तीन टक्क्यांनी मागे. आमच्या कट्ट्यावर यावरून पैजा लागल्या आहेत. खरी कोणती मानावी?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दोन्हींमागे एकच चित्र असू शकते. सुमारे १००० मतदारांच्या नमुन्यात प्रत्येकाच्या टक्केवारीत तीनेक टक्के इकडेतिकडे गृहीतच असते आणि दोघांमधील अंतरात ती चूक जवळपास दुप्पट होते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण फोनच न उचलणाऱ्यांची शिते हाती लागतच नाहीत. शिवाय निकाल देशभरातील एकूण मतांवर नव्हे, तर कोणती राज्ये कोणी जिंकली यावर ठरतो : २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये थोडक्यात निसटल्याने त्या हरल्या. तेव्हा अशा चुरशीच्या राज्यांतील अनेक चाचण्यांची सरासरी पाहावी. पैज तूर्त चहापुरतीच ठेवावी.