घोडं पेंड खातंय ते उत्तराच्या वहीपाशी

पत्र : मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली. वय 25. बी.एस्सी. ॲग्री करून दोन वर्षांपासून सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करते. सकाळी आठला अभ्यासिकेत जाते, रात्री दहाला रूमवर येते. सगळ्या विषयांच्या नोट्स तयार आहेत. पण उत्तरलेखन 'सोमवारपासून' म्हणता म्हणता सहा महिने गेले. टाइमटेबल कितीदा केलं आणि फाडलं. मी आळशी आहे का? क्लासच्या टेस्ट सिरीजचे (उत्तरं तपासून देतात) आठ हजार भरले तर शिस्त लागेल का? वडील फोनवर 'कसं चाललंय' विचारतात, मी 'छान' म्हणते.

उत्तर : आळशी मुलगी रोज सकाळी आठला अभ्यासिकेत जाऊन बसत नाही, तेव्हा तो शब्द सोडून दे. तुझंच पत्र पुन्हा वाच. वाचन टळलेलं नाही, नोट्स टळलेल्या नाहीत. टळतंय ते फक्त लिहिणं.

आणि ते का टळतं, हेही उघड आहे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं. 73वी घटनादुरुस्ती तू दहा वेळा वाचली असशील. पण 'पंचायत राज व्यवस्थेतील महिलांचा सहभाग, चर्चा करा' असा प्रश्न समोर ठेवून पुस्तक मिटलं, की 1992 साल आठवतं, महाराष्ट्रातलं 50 टक्के आरक्षण आठवतं, आणि चौथ्या ओळीला पेन थांबतं. दोन वर्षं घालवून आपल्याला एवढंच येतं का, हा जो गोळा पोटात येतो, त्याला तू टाळते आहेस. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हेच मांडलं आहे : चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याची गोष्ट आहे. नकोशी भावना या क्षणी टळावी म्हणून माणूस काम पुढे ढकलतो. म्हणूनच टाइमटेबलने तुझं काही हललं नाही. टॉपरच्या मुलाखती बघणं आणि अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांचा आणखी एक संच आणणं ही टाळाटाळच, फक्त ती अभ्यासासारखी दिसते.

यात तुझा एकटीचा दोष नाही. पेठेतल्या अभ्यासिकांत अजूनही 'आज किती तास झाले?' असंच विचारतात. मुख्य परीक्षा बहुपर्यायी होती तेव्हा ते चालून गेलं. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यातल्या सात पेपरांचे 1750 गुण गुणवत्तेसाठी धरले जातात, आणि ते सगळे हाताने लिहून मिळवायचे.

तेव्हा या महिन्यात टाइमटेबल करायचं नाही. अभ्यासिकेत गेलीस, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, की दुसरं काही उघडण्याआधी वही उघडायची आणि एका जुन्या प्रश्नाचं दीडशे शब्दांत उत्तर लिहायचं. पुस्तक बंद. उत्तर वाईट येईल, येऊ दे. 'अमुक झालं की तमुक करायचं' अशी गाठ मारलेला निश्चय नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून दिसलं आहे. 'सकाळी लिहीन' आणि 'बाटली ठेवली की लिहीन' यांत म्हणूनच फरक पडतो. संध्याकाळी शास्त्री रोडवर चहाला जाताना वही बरोबर घे आणि मैत्रिणीशी अदलाबदल कर. तिने चुका काढायच्या, तू तिच्या काढायच्या.

मध्ये एखादा दिवस बुडेल. तेव्हा पुढच्या सोमवारची वाट बघू नकोस. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

आता वडिलांचं. त्यांना 'छान'ऐवजी 'आज दोन उत्तरं लिहिली' किंवा 'आज एकही नाही' असं सांग. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे. इतकी लांब मर्यादा असली की निर्णयही लांबतो. तुझी डिग्री ॲग्रीची आहे, आणि आयबीपीएसची, म्हणजे बँकांची, कृषी अधिकारी भरती खुल्या गटासाठी तिशीलाच बंद होते. म्हणून किती प्रयत्न करायचे आणि कुठे थांबायचं, हे वडिलांबरोबर बसून आत्ताच ठरव. बँकेचा फॉर्म भरणं म्हणजे राज्यसेवा सोडणं नव्हे.

राहिले आठ हजार. आत्ता भरू नकोस. वही कोरी असेल तर तपासणारा काय तपासणार? आधी तीस-चाळीस उत्तरं साठू दे. त्यातली दोन-तीन, वर्णनात्मक मुख्य दिलेल्या एखाद्या सिनिअरला दाखव. मग क्लासमध्ये जा आणि त्यांनी तपासलेली एखादी वही बघायला माग. समासात नुसतं 'गुड' आणि बरोबरच्या खुणा दिसल्या, तर ते पैसे मेसला उपयोगी पडतील.