गिटारवरची सुरांची अंतरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सी ते जी या अंतराला ‘फिफ्थ’ म्हणतात, पण गिटारवर मोजायला गेलं तर सात फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) भरतात. मग मोजायचं नेमकं काय?

दोन्ही मोजायचं, फक्त कामं वेगळी आहेत. अंतराचं नाव अक्षरांवरून पडतं आणि त्यात सुरुवातीचा सूरही धरतात. सी, डी, ई, एफ, जी ही पाच अक्षरं झाली, म्हणून फिफ्थ. फ्रेट मोजताना मात्र सुरुवातीचा सूर शून्य धरायचा. पुढचा प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. पाचव्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी) तिसऱ्या फ्रेटला सी आहे आणि त्याच तारेवर दहाव्याला जी. दहातून तीन गेले, सात उरले. सीच्या फ्रेटलाच ‘एक’ म्हटलं की उत्तर हमखास एकाने चुकतं.

ई-एफ आणि बी-सी यांच्यात एकच फ्रेट असतो, बाकी शेजारच्या अक्षरांत दोन. सुरुवातीला एवढंच पाठ करा : मायनर थर्ड ३, मेजर थर्ड ४, परफेक्ट फोर्थ ५, परफेक्ट फिफ्थ ७, ऑक्टेव्ह १२. सरगम येत असेल तर हे सगळं ओळखीचंच आहे : सा ते कोमल ग, सा ते शुद्ध ग, सा-म, सा-प आणि सा ते तार सा. फक्त सा कुठेही धरता येतो, सी मात्र आपल्या फ्रेटवरून हलत नाही, हे विसरू नका.

सहा फ्रेटांच्या अंतराला दोन नावं दिसतील. सी ते एफ शार्प (एफच्या अर्धा स्वर वर) हा ऑगमेंटेड फोर्थ, सी ते जी फ्लॅट (जीच्या अर्धा स्वर खाली) हा डिमिनिश्ड फिफ्थ. फ्रेट तोच, आवाजही तोच. अक्षरं मात्र एकीकडे चार आणि दुसरीकडे पाच.

प्रश्न : जाड तारांवर शिकलेला अंतराचा आकार दुसऱ्या तारेपाशी आला की चुकीचा वाजतो. असं का होतं, आणि सगळे आकार दोनदा पाठ करायचे का?

दोनदा पाठ करायची गरज नाही. एक वाकण लक्षात ठेवलं की पुरतं. गिटारच्या शेजारच्या तारांमध्ये पाच अर्धस्वरांचं अंतर असतं. अपवाद एकच, तिसरी (जी) आणि दुसरी (बी) तार. त्यांच्यात चारच आहेत. त्यामुळे तिसऱ्या तारेवरून दुसरीवर येताना प्रत्येक आकारातलं वरचं बोट एक फ्रेट पुढे सरकवावं लागतं.

हातात गिटार घेऊनच पाहा. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, सी, हा रूट, म्हणजे जिथून अंतर मोजायचं तो सूर. चौथ्या तारेवर त्याच फ्रेटला फोर्थ, दोन फ्रेट पुढे फिफ्थ, एक फ्रेट मागे मेजर थर्ड आणि दोन मागे मायनर थर्ड. आता तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटला तोच सी एक ऑक्टेव्ह वर धरा. दुसऱ्या तारेवर त्याच फ्रेटला या वेळी मेजर थर्ड येतो. फोर्थ एक फ्रेट पुढे, फिफ्थ तीन फ्रेट पुढे, मायनर थर्ड एक मागे.

ऑक्टेव्हलाही हाच नियम लागतो. सहावीवरून चौथीवर किंवा पाचवीवरून तिसरीवर जाताना दोन फ्रेट पुढे; चौथीवरून दुसरीवर किंवा तिसरीवरून पहिलीवर जाताना तीन, कारण वाटेत ते वाकण लागतं.

मग तारा सरळ पाच-पाच अर्धस्वरांवर का लावत नाहीत? तसं केलं तर सहावी तार ई राहते आणि पहिली एफ होते, म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकात अर्ध्या स्वराची टक्कर. सहाही तारांचे नेहमीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि बार कॉर्ड (एकच बोट तारांवर आडवं दाबून धरलेले) मग सहज बसत नाहीत. सध्याच्या पद्धतीत सहावी ते पहिली हे अंतर बरोबर २४ अर्धस्वर, म्हणजे दोन ऑक्टेव्ह भरतं. एक वाकण सोसून मिळणारा हा फायदा मोठा आहे.

सराव करताना आकार डोळ्यांनी शोधण्याआधी सूर गळ्यातून काढा. रूट वाजवा, मेजर थर्ड गा, मगच बोट ठेवून पडताळा. बोट आधी ठेवलं तर सराव फक्त बोटांचा होतो.

प्रश्न : ट्यूनरवर सहाही तारा बरोबर दाखवतात, तरी उघड्या ई मेजर कॉर्डमधली तिसरी तार चढी वाटते. कान चुकतोय का?

कान बहुधा बरोबर आहे. त्या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे जी शार्प, ईचा मेजर थर्ड. नैसर्गिक मेजर थर्ड साधारण ३८६ सेंटचा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), आणि फ्रेटवरचा ४०० सेंटचा. हा १४ सेंटचा चढ प्रत्येक मेजर थर्डमध्ये आहे. फिफ्थमध्ये तफावत जेमतेम दोन सेंट असते, म्हणून पॉवर कॉर्ड (फक्त रूट आणि फिफ्थ) नितळ वाजतात.

तरी आधी एक तपासणी करा. उघडी (न दाबलेली) तार ट्यूनरवर नीट लावा आणि नेहमीच्या जोराने पहिला फ्रेट दाबा. काटा जी शार्पच्या वर गेला तर एक तर दाब जास्त आहे किंवा नटची (दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची) खाच उंच आहे. हलक्या हाताने, फ्रेटला अगदी लागून दाबून पाहा. तरीही चढलेलाच राहिला तर नटकडे बघायला हवं. खाच गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच खोल करून घ्या, जास्त घासली गेली तर उघडी तार फ्रेटवर खरखरते.

काटा बरोबर असेल तर तिसरी तार मुळीच उतरवू नका. ई कॉर्ड गोड होईल, पण जी आणि सी कॉर्डमध्ये हीच तार उघडी वाजते आणि तिथे ती पडलेली ऐकू येईल. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या हार्मोनिक्सवर (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरांवर) तारा जुळवत असाल तर तीही सवय सोडा. त्या पद्धतीत प्रत्येक फोर्थ दोन सेंटने आखूड राहतो. सहावीपासून सुरुवात केली की तिसऱ्या तारेपर्यंत सहा सेंट जातात.

प्रश्न : मेजर आणि मायनर थर्ड ऐकून ओळखताना गोंधळ होतो.

बहुतेकदा रूट कायम एकच ठेवल्यामुळे होतो. मग कान अंतर ऐकत नाही, वरचा सूर तेवढा लक्षात ठेवतो, आणि रूट बदलला की सगळं विस्कटतं. फोनवर वीस जोड्या वाजवून ठेवा, दर वेळी वेगळा रूट, आणि क्रम कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी न बघता ऐकून ओळखा. आधी सूर एकामागून एक, जमलं की एकत्र, आणि शेवटी वरून खाली. एका वेळी दोनच अंतरं घ्या. वीसातल्या अठरा बरोबर यायला लागल्या की फोर्थ मिळवा.